दर बारा मिनिटांनी एकाहत्तर

१

कवठेदरा नगरपरिषदेच्या सभेत विषय क्रमांक नऊचा अहवाल वाचून झाला आणि नवसाबाई विधाते उठून उभी राहिली.

"म्हणजे माझं डोकं खोटं बोलतंय का?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. नगराध्यक्षा मनीषाताई काकड हसल्या नाहीत. त्यांनी हातातला कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

गंगापूर रोड नाशिक सोडून पुढे निघाला की कवठेदरा लागतं. निम्मं गाव अजून झेंडू आणि गुलाब लावतं, निम्म्या गावात इमारती उठल्यात. तीन वर्षांपूर्वी वरच्या माळावर रविराज बोराडेने रेसिंग ट्रॅक सुरू केला. दर रविवारी दहा ते पाच तिथे गाड्या आणि मोटारसायकली पळतात. घरातली भांडी वाजतात, लहान मुलं दचकून उठतात. नवसाबाईला दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. आवाज टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून रविवारी ती पहाटेच्या पहिल्या बसने फुलांची पाटी घेऊन पंचवटीत जायची आणि अंधार पडेपर्यंत गोदाघाटावर बसून राहायची. एकशे चाळीस लोकांच्या तक्रारीवर पहिली सही तिची होती.

ट्रॅकला सगळ्यांत जवळचं घरही तिचंच. म्हणून नगरपरिषदेने आवाज मोजायचं यंत्र तिच्या गच्चीवर पंधरा दिवस बसवलं. आज अहवाल आला होता. दोन्ही शर्यतींच्या रविवारी सरासरी आवाज बावन्न डेसिबल. मर्यादा पंचावन्न.

"यंत्राला कोणाचा लोभ नसतो, मावशी," बोराडेचा वकील म्हणाला.

"पुढच्या गुरुवारपर्यंत विषय खुला ठेवते," मनीषाताई म्हणाल्या. "हे आकडे चुकीचे आहेत असं कोणी दाखवून दिलं तर ठीक. नाहीतर ट्रॅकचा परवाना पुढे चालू."

नवसाबाई बाहेर आली ती थेट धोंडीराम थेटेपाशी. धोंडीराम तिच्या नवऱ्याचा, फकिराचा, शाळेपासूनचा मित्र. बत्तीस वर्षं धरणावर पाण्याची पातळी नोंदवून तो निवृत्त झाला होता.

"भाऊजी, तुम्ही जन्मभर आकडेच वाचले ना? मग हे वाचा."

२

अर्ध्या पानाचा अहवाल धोंडीरामने बाजूला ठेवला आणि नगरपरिषदेतून सगळ्या नोंदी मागवून घेतल्या. दर मिनिटाला एक आकडा, पंधरा दिवसांचे. चारशे पानं भरली.

त्याला आधी वाटलं, कोणीतरी टेबलावर बसून आकडे भरलेत. धरणावर पावसाळ्यात चौकीतच बसून पातळी लिहिणारे त्याने पाहिले होते. माणूस मनाने आकडे लिहितो तेव्हा ते नीटनेटके येतात. इथे तसं नव्हतं. सेहेचाळीस, एकोणपन्नास, सेहेचाळीस, एकसष्ट, मग सलग सहा वेळा सत्तेचाळीस. हे खरे आकडे होते. यंत्राने जे ऐकलं तेच लिहिलं होतं.

सोमवारची पानं झाली, मंगळवारची झाली. सकाळी सातला दूधवाल्याची गाडी, संध्याकाळी शेजारचा टीव्ही. रविवारच्या पानावर मात्र त्याचं बोट थांबलं.

सहा छत्तीस, एकाहत्तर. सहा अठ्ठेचाळीस, एकाहत्तर. सात वाजता, पुन्हा एकाहत्तर.

दर बारा मिनिटांनी एक उडी, दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत. मधल्या आकड्यांमध्ये शांतता. दुसऱ्या रविवारीही तेच. बाकीच्या तेरा दिवसांत एकदाही नाही.

त्याची मुलगी तृप्ती चहा घेऊन आली. "शर्यत सुरू करायचा भोंगा असेल, नाना."

"शर्यत दहाला सुरू होते. हा सहा छत्तीसला वाजतोय. दुपारी जेवायची सुट्टी असते, तेव्हाही वाजतोय."

तो आपल्या गच्चीवर जाऊन उभा राहिला; विधात्यांची गच्ची त्याच गल्लीत, समोरच होती. पंधरा दिवस त्या यंत्राने जे ऐकलं, त्यातलं तेरा दिवसांचं त्याच्या ओळखीचं होतं. उरलेल्या दोन दिवसांचं या गल्लीतलं नव्हतंच.

यंत्र रविवारी तिथे नव्हतं.

३

स्नेहा पगार ही नगरपरिषदेतली कनिष्ठ अभियंता. यंत्र तिनेच बसवलं होतं. तिने त्याचं म्हणणं ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

"माझ्यावर येईल हे, काका."

"तुम्ही हलवलं का?"

"नाही हो! सोमवारी बसवलं, पंधरा दिवसांनी काढलं. सील शाबूत होतं." तिने समोरची फाइल मिटली. "एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही. मी ते टाकीच्या पाइपला प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलं होतं. काढायला गेले तर दोऱ्याने बांधलेलं. मला वाटलं, पट्टी तुटली असेल आणि घरच्यांनी बांधून ठेवलं असेल."

"कसला दोरा?"

"पांढरा, जाड. हार ओवतात तसला."

धोंडीराम तिथून माळावर गेला. ट्रॅक रिकामा होता. रविराज बोराडे टायरांच्या ढिगावर बसून फोनवर बोलत होता. चाळिशीचा, पायात महागडे बूट, पण बोलणं गावचंच.

"नाना, खरं सांगू? मलाच धक्का बसला. मी नव्वदची तयारी ठेवलेली. भिंत बांधू, वेळ कमी करू, असं लिहून देणार होतो. बावन्न आले. मग मी कशाला बोलू?"

"यंत्र कुठं होतं माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं. पण मला त्यांच्या गच्चीवर कोण चढू देईल? म्हातारी विळा घेऊन धावेल." तो हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "विचारायचंच तर त्यांच्या सुनेला विचारा. पूजा. ती आमच्या कँटीनला काम करते. ट्रॅक बंद पडला तर पहिलं तिचं काम जाईल."

४

विधात्यांच्या ओट्यावर नवसाबाई झेंडू निवडत बसली होती. फकिरा बाजूला दोरा गुंडाळत होता. दोन वर्षांपूर्वी क्षयाच्या इंजेक्शनांनी त्याचे कान गेले. समोर बसून हळू बोललं तर त्याला ओठांवरून कळायचं, नाहीतर पाटीवर लिहून द्यावं लागे. बहुतेक वेळा कोणी लिहीत नसे. मुलगा भारत पुण्याला नोकरीला होता. घरी ही तीनच माणसं.

धोंडीरामने दोऱ्याचं सांगितलं. नवसाबाईचा हात थांबला. तिने आत पाहून हाक मारली, "पूजा!"

पूजा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. सासूने एकच विचारलं, "तू नेलं का ते?"

"काय नेलं, आत्याबाई?"

"सोंग करू नको. तुलाच पाहिजे ना तो ट्रॅक? माझं डोकं फुटलं तरी तुझी कँटीन चालली पाहिजे!"

पूजाचे डोळे भरले, पण ती मागे सरली नाही. "मी नाही नेलं. पण ते तिथं नव्हतं हे मला माहीत होतं."

"कधी?" धोंडीरामने विचारलं.

"पहिल्या रविवारी पहाटे टाकीत पाणी बघायला वर गेले, तर पाइप मोकळा. मला वाटलं नगरपरिषदेवाल्यांनी नेलं असेल. सोमवारी परत दिसलं. मी कोणाला बोलले नाही." तिने हात पुसले. "अन् बोलले नाही ते मुद्दामच, नाना. खोटं कशाला सांगू? लग्नाला सहा वर्षं झाली. घर, वावर अन् ते कँटीन. दुसरं कुठं जाते मी? चार बाया भेटतात तिथं."

"झालं!" नवसाबाईने फुलांची पाटी ढकलून दिली. झेंडू ओट्यावर सांडला. "घरातच साप होता."

फकिरा गडबडला. एकदा बायकोच्या तोंडाकडे, एकदा सुनेच्या तोंडाकडे पाहत राहिला. काय चाललंय हे त्याला कोणीच सांगितलं नाही.

५

शनिवारी सकाळी धोंडीराम घड्याळ घेऊन शिवारात फिरला. बारा मिनिटांनी वाजणारी वस्तू गावात कुठेतरी असणारच होती. पाटाचा उंच भराव ओलांडला तसा गावाचा आवाज मागे पडला. पलीकडे खोलगट जमीन, विधात्यांचं झेंडूचं वावर, त्याच्या टोकाला जुनी कांदाचाळ आणि लागून गोरक्ष मौलेची द्राक्षबाग. घडांत साखर भरत होती.

नऊ वाजता चिरकी किंकाळी उठली आणि चिमण्यांचा थवा बागेवरून उडाला. धोंडीराम दचकून खाली बसला. ससाण्याने पाखरू पकडावं तसा तो आवाज होता. तीन-चार सेकंदांत थांबला.

नऊ बाराला पुन्हा.

गोरक्ष औषधाचा पंप पाठीवर घेऊन बागेतून आला. "घाबरले का, नाना? पाखरं हाकलायचं यंत्र हाय. यंदाच आणलं. ऊन लागलं की सुरू, अंधार पडला की बंद. दर बारा मिनिटाला वरडतंय. लय बेकार आवाज, पण चिमणी टिकत नाय."

खांबावर करड्या रंगाचा डबा होता, वर सौरपट्टी. तो खांब कांदाचाळीपासून वीस पावलांवर होता. धोंडीराम चाळीत शिरला. आतल्या लाकडी डांबाला पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा लोंबत होता. खाली फळीवरच्या धुळीत वीतभर लांबीचा चौकोन स्वच्छ उमटला होता.

चाळ विधात्यांची, दोरा विधात्यांचा.

"गोरक्ष, पूजा इकडं येते का?"

"रोज येती की, फुलं तोडायला. या डब्याला शिव्या घालती. बंद कर म्हणून दोनदा भांडली."

धोंडीराम चाळीच्या उंबऱ्यावर बसला. भरावाआड जागा चांगलीच निवडली होती. ट्रॅकचा आवाज इथे जेमतेम पोहोचला असता. पण आवाज लपवायला निघालेला माणूस यंत्र या डब्याखाली कशाला ठेवील? पूजाने ठेवलं नसतं, तिला डबा माहीत होता. बोराडेच्या माणसाने ठेवलं नसतं, जागा हेरायला दिवसा पाव तास इथे उभा राहिला असता तरी त्याला कळलं असतं. ज्याला कान होते असा कोणीही इथे ते ठेवणार नव्हता.

पुन्हा किंकाळी झाली. या वेळी धोंडीराम दचकला नाही. तो जागचा हललाच नाही.

६

दुपारी तो फकिराला चाळीकडे घेऊन आला. खरं तर गरज नव्हती. पण बत्तीस वर्षांची सवय होती: एकदा वाचलेलं पुन्हा वाचायचं.

दोघं उंबऱ्यावर बसले. फकिराने तंबाखू मळली. बारा वाजून चोवीस मिनिटांनी डबा किंचाळला. बागेतून चिमण्या फर्रकन उडाल्या. फकिराने चुन्याची डबी बंद केली आणि खिशात ठेवली.

"इथं बरं वाटतं," तो म्हणाला. आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कळत नसे. "लय शांत जागा हाय. काय सुदीक नसतं इथं."

धोंडीरामने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला आपल्याकडे वळवलं. बोट आधी डांबावरच्या दोऱ्याकडे केलं, मग फकिराच्या छातीकडे.

फकिराने तंबाखूची मूठ मिटली.

"शनवारी दिवेलागणीला नेलं," तो म्हणाला. "ती फुलं बांधत होती. रविवारी ती यायच्या आधी परत लावलं."

का, असं धोंडीरामने हाताने विचारलं.

"तुला कसं सांगू, धोंड्या? काय बी नाय येत ऐकू. घंटा नाय, पाखरू नाय, तिचा आवाज नाय. लेकीच्या पोरीनं फोनवर आजोबा म्हटलं म्हणतात. म्हटलं असंल. कानाचं यंत्र लावून पाहिलं, नुसती खरखर. अन् एका रविवारी गच्चीवर बसलो होतो, तर आलं. घुर्रर्र करत. लांबून जवळ, जवळून लांब. खरंच आलं, कानात आलं. बारीक आवाज गेलेत, असला जाडा तेवढा उरलाय. मी रडलो तवा." त्याने तंबाखू तशीच फेकून दिली. "आठवडाभर मी मेल्यावानी असतो. रविवारी दहा वाजले का गच्चीवर जातो."

"नवसावहिनी?" धोंडीरामने ओठ हलवले.

"तिला काय सांगू? तुझं डोकं ज्यानं फुटतं तेच मला गोड लागतं? म्हणून तिच्या कागदावर सही केली. ती म्हणली, कर. केली."

डबा पुन्हा किंचाळला. धोंडीरामने डोळे मिटले.

७

गुरुवारी सभागृह भरलं होतं. धोंडीरामने नोंदींची पानं पुढे ठेवली आणि सगळं क्रमाने सांगितलं: रविवारच्या उड्या, द्राक्षबागेतला डबा, कांदाचाळ, धुळीतला चौकोन. यंत्र दोन्ही रविवारी गच्चीवर नव्हतं. म्हणून पुन्हा मोजणी करा, एवढीच त्याची मागणी होती.

मनीषाताईंनी चष्मा काढला. "आणि हलवलं कोणी?"

"ते मी सांगणार नाही, ताई. त्याने मोजणीत फरक पडत नाही."

"फार फरक पडतो," वकील उठला. "घर तक्रारदारांचं, चाळ तक्रारदारांची, दोरा तक्रारदारांचा. सरकारी यंत्राशी छेडछाड तक्रारदारांच्याच घरातून झाली. याच लोकांसाठी पुन्हा मोजायचं?"

धोंडीरामला तेव्हा उमगलं. तो गप्प राहिला असता तर बावन्नचा आकडा उभा राहिला असता. बोलला, तर तक्रारच खाली बसत होती. तिसरी वाट तो शनिवारपासून शोधत होता, आणि ती नव्हती.

"सून कँटीनला आहे ना?" कोणीतरी म्हणालं. माना वळल्या. पूजा भिंतीशी उभी होती. तिने पदर घट्ट धरला. नवसाबाईने तिच्याकडे पाहून तोंड फिरवलं.

खिडकीपाशी बसलेल्या फकिराला शब्द कळले नाहीत. पण दीडशे माणसं एकाच बाईकडे पाहतायत हे त्याला दिसलं. तो उठला.

"मी नेलं!" त्याचा आवाज भिंतीवर आदळला. "पोरीनं नाय. मी नेलं!"

माना आता त्याच्याकडे वळल्या. नवसाबाई हळूहळू उठली, बाकांमधून वाट काढत नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. त्याला ओठ दिसावेत म्हणून चेहरा जवळ नेला आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"सांगायचं होतं तुम्ही."

मग ती निघून गेली.

ठराव पाच मिनिटांत झाला. तक्रार निकाली. परवाना पाच वर्षांसाठी, आणि बोराडेच्या अर्जाप्रमाणे शनिवारही जोडून. फेरमोजणी घ्यावी असं स्नेहाने उठून सुचवलं. तिला खाली बसायला सांगण्यात आलं. दाराशी मनीषाताई धोंडीरामपाशी थांबल्या.

"मलाही ऐकू येतं, भाऊ. माझं घर काय लांब आहे? पण माझ्यासमोर कागद असतो."

८

दुसऱ्या दिवशी नवसाबाई लेकीकडे, सुवर्णाकडे, चांदवडला गेली. आठ दिवसांचे कपडे नेले होते. उन्हाळा गेला, गणपती झाले, दिवाळी झाली. ती आली नाही. पूजानेही कँटीन सोडलं आणि ती भारतकडे पुण्याला गेली. ज्या घरात साप म्हटलं गेलं तिथे तिला राहायचं नव्हतं. कोणी तिची माफी मागितली नव्हती.

पावसाळ्यात बंद असलेल्या शर्यती दिवाळीनंतर पुन्हा सुरू झाल्या. पहिल्याच रविवारी धोंडीराम दोन माणसांचं जेवण घेऊन फकिराकडे गेला. फकिरा गच्चीवर खुर्ची टाकून बसला होता. माळाच्या बाजूला आता नवी इमारत उठली होती, ट्रॅक दिसत नव्हता. साडेदहा वाजले होते. आवाज असा होता की धोंडीरामच्या हातातला डबा थरथरत होता.

"आज बंद हाय वाटतं," फकिरा म्हणाला.

धोंडीरामने त्याच्याकडे पाहिलं.

"काल बी नव्हतं. बंद झालं का रे कायमचं?"

कान उरलेत तेवढेही जातील, असं डॉक्टर म्हणाले होते. कधी, ते सांगितलं नव्हतं. धोंडीरामने तोंड उघडलं, पण तुझे कान गेले असं त्या चेहऱ्याकडे पाहून सांगता येईना. त्याने मान हलवली. हो, बंद झालं.

फकिराने इमारतीकडे पाहिलं. मग एकदम सावरून बसला.

"मग तिला फोन लाव की! सांग, बंद झालंय. ये म्हणावं आता."

धोंडीरामने फोन काढला. नंबर लावून तो कानाशी धरला.

"कोण, भाऊजी?" नवसाबाई म्हणाली, आणि पुढे बोललीच नाही. ती ऐकत होती. इमारतीमागे सगळ्या गाड्या एकदम सुटल्या होत्या.

"गच्चीवर हाये ना तुम्ही?" ती म्हणाली.

"हो, वहिनी."

"त्यांना स्वेटर घालायला सांगा. गार वारं असतं वर."

फोन बंद झाला.

"काय म्हणली?" फकिराने विचारलं.

धोंडीरामने आपल्या अंगावरचा सदरा चिमटीत धरून दाखवला आणि ओठ हलवले. "स्वेटर घाल म्हणाली."

"अन् येती कधी?"

"ते विचारायचं राहिलं," धोंडीराम म्हणाला, आणि स्वेटर आणायला जिना उतरला.